उजवं कवाड

१

सोमवारी सकाळी चर्चचं उजवं कवाड नाहीसं झाल्याचं कळलं, तेव्हा मानांग फेमिंगला ना दुःख झालं ना भीती वाटली. तिला नुसता वैताग आला. भूकंपात तालिसानचं चर्च पडलं तेव्हापासून दर सोमवारी काही ना काही नवीन निघत असे. कधी वाळू खारट निघे, कधी सुतार मेहुण्याच्या लग्नाला दुसऱ्या बेटावर गेलेला असे, तर कधी मनिलाहून निरोप येई की मागच्या महिन्यात बसवलेले दगड काढा, ते आपल्या वास्तूत शोभत नाहीत. आता हे कवाड.

"नीट बघितलंस का?" तिने इस्कोला विचारलं.

इस्को कामावरचा मुकादम. बिचारा घामाने डबडबला होता. "मानांग, ते कवाड आहे, चष्मा नाही. खिशात राहिलं असेल असं कसं म्हणू?"

त्याचं खोटं नव्हतं. दोन पुरुष उंचीचं, ओळीने लोखंडी फुल्या ठोकलेलं, जुन्या काळच्या पोलादासारख्या लाकडाचं ते कवाड उचलायला आठ माणसं लागत. चर्चच्या मोठ्या दाराची दोन्ही कवाडं बिजागऱ्यांवरून उतरवून पाद्रेंच्या घराखालच्या कोठीत ठेवली होती. एका उत्साही महापौराने कधी काळी त्यांना हिरवा रंग फासला होता, तो खरवडून काढण्याचा हुकूम मनिलाहून आला होता. डावं खरवडून झालं होतं. उजव्याचे पोपडे आपोआपच गळत होते, आणि ते साऱ्या गावभर चपलांना चिकटून फिरत होते. आपल्या अंगणातून ते झाडून झाडून फेमिंगची कंबर धरली होती.

कोठीचं कुलूप शाबूत होतं. डावं कवाड भिंतीला टेकून उभं होतं. उजव्याच्या जागी सिमेंटच्या फरशीवर हिरवा चुरा तेवढा होता.

पाद्रे वेनान्सियो मागून आले. ते मानोय उर्बानोच्या घरून, मयताजवळची प्रार्थना आटोपून येत होते. शुक्रवारी हा म्हातारा, गावाचा मानोय म्हणजे दादा, गेला होता आणि गुरुवारी त्याला पुरायचं होतं. तोवर रीतीप्रमाणे मयत घरात आणि गाव त्याच्या सोबतीला.

"किल्ली कुणाला दिली होती?" फेमिंगने दोघांनाही विचारलं.

"कुणालाही नाही," इस्को म्हणाला.

"कुणालाही नाही," पाद्रे म्हणाले.

"मग कवाड काय स्वतःच्या पायांनी गेलं?"

दोघांनीही मान खाली घातली. शाळेची हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता दुरुस्ती समितीची अध्यक्ष असलेल्या या मानांगसमोर, म्हणजे थोरल्या ताईसमोर, गावातले निम्मे लोक अजून तसेच उभे राहत.

पुराणवास्तू खात्याचे निरीक्षक, सर एस्कालांते, गुरुवारी येणार होते. त्यांनी आधीच स्वच्छ बजावलं होतं: मूळ वास्तूतली एक वस्तू जरी गहाळ झाली, तरी कामाला टाळं. मागच्या वेळी टाळं लागलं तेव्हा दोन पावसाळे तसेच गेले होते. तेव्हापासून तालिसानचे बाप्तिस्मे, लग्नं आणि मयतं बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली होत होती. नवरानवरीच्या डोक्यावर बास्केटची जाळी लोंबे. चर्च उघडलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच फेमिंगचं आता मागणं उरलं होतं.

"पोलिसांना सांगितलंय मी," पाद्रे चाचरत म्हणाले. "चीफ म्हणतो, किल्ली इस्कोच्या कमरेला, तेव्हा चोर इस्को. गुरुवारपर्यंत थांबतो म्हणाला, माझ्याखातर."

इस्कोच्या तोंडचं पाणी पळालं. फेमिंग पाय आपटत बाहेर पडली, तर वाटेत तिच्या जास्वंदी आडव्या झालेल्या. शनिवारी उर्बानोच्या घरी बाकं आणि टेबलं नेणाऱ्या पोरांनी त्या तुडवल्या होत्या. तेव्हा ती खिडकीतून ओरडलीही होती, पण ऐकतो कोण.

२

कवाडावर डोळा कुणाचा होता हे विचारायला गावात फिरायची गरज नव्हती. दोन्या सेन्ताने ते भर सभेत मागितलं होतं. ती कॅलिफोर्नियात बरीच वर्षं काढून परतली होती आणि समुद्रकाठी तिने पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. जुन्या चर्चच्या दाराचं जेवणाचं टेबल केलं की परदेशी पाहुणे वेडे होतात, असं तिचं म्हणणं होतं.

फेमिंग पोचली तेव्हा सेन्ता व्हरांड्यात पाय वर घेऊन नखं रंगवत होती. तिच्या मागेच एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर ताडपत्री होती.

"ये, फेमिंग. बिबिंका खाणार? गरम आहे."

"त्या ताडपत्रीखाली काय आहे?"

"आधी बस तरी."

फेमिंगने सरळ जाऊन ताडपत्री ओढली. खाली काच होती. निळसर, जाड, कडेला सोनेरी पट्टी असलेली काच.

"आवडलं?" सेन्ताने नखांवर फुंकर घातली. "तुमची समिती नाही म्हणाली, तेव्हाच सेबूहून मागवलं. मी मागणारी बाई आहे गं, चोरणारी नाही. आणि आठ माणसं माझ्या दिमतीला असती तर या अंगणात एवढा पाला पडला असता का?"

अंगणात पाला खरंच होता. फेमिंगचा हात आपोआप कोपऱ्यातल्या खराट्याकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

"मला विचारशील तर," सेन्ता आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या क्लेतोला धर. शनिवारी संध्याकाळी तो कोठीपाशी घुटमळत होता. एकटा. मला बघितलं आणि भिंतीआड झाला."

३

क्लेतो चर्चच्या गायकांचा म्होरक्या. जुन्या लाकडावर त्याचा दात होता. त्यात वाळवी असते, बिजागऱ्या किरकिरतात आणि त्या किरकिरीने आपल्या वरच्या सुराचं वाटोळं होतं, असं तो कुणालाही सांगत सुटे. त्याला तिथे ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं सरकतं काचेचं दार हवं होतं, बँकेला असतं तसं.

मैदानावर तालीम चालली होती. फेमिंगने त्याला बाजूला घेतलं.

"शनिवारी संध्याकाळी कोठीपाशी काय करत होतास?"

"उभा होतो."

"का?"

"मानोय उर्बानोच्या मयताहून येत होतो." एवढ्यात सगळं आलं, असा त्याचा चेहरा होता.

"मग?"

"मग काय, मानांग? मयताहून थेट घरी जाऊ? मेलेल्याला मागोमाग माझ्या स्वयंपाकघरात येऊ दे? कुठेतरी थांबून त्याला झटकून मगच जातात ना घरी? उर्बानोच्या घरापासून चर्चचं आवार जवळ, म्हणून सगळे तिथेच थांबतात."

"सेन्ताला बघून लपलास का?"

"तिच्याकडून घेतलेले वर्गणीचे पैसे परत द्यायचे राहिलेत," क्लेतो पुटपुटला. "गाण्याच्या नव्या बाजासाठी घेतले होते."

फेमिंगने कपाळावर हात मारला. पण हा खुलासा खोटा म्हणण्याची सोय नव्हती. ती स्वतःही उर्बानोच्या घरून निघाली की आवारातल्या बाकावर टेकूनच घरी जात होती. उर्बानो गेल्यापासून संध्याकाळी उशिरापर्यंत अर्धं गाव तिथे थांबत होतं, सिगारेटी ओढत होतं, बिस्किटं खात होतं. शिवाय मयताच्या सोबतीला बसलेली माणसं पहाटेपर्यंत ये-जा करत होती. म्हणजे चोरून कवाड नेणं अशक्यच. आठ माणसं आणि त्यांच्या डोक्यावर चर्चचं दार, हे कुणाला दिसलं नसेल?

ती मैदान ओलांडत होती, आणि अर्ध्यावरच थांबली. उलटाही विचार करून बघायला हवा होता. नेलं असेल तर सगळ्यांदेखतच नेलं. गावाने ते पाहिलं, आणि पाहूनही कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

असं काय असतं, की जे आठ जण मिळून भर रस्त्यातून नेतात आणि कुणी विचारत नाही?

४

बुधवारी दुपारी ती उर्बानोच्या घरी गेली. न जाऊन चालणार नव्हतं.

या घराच्या पायरीवर पाय ठेवताना गेले काही दिवस तिच्या अंगावर काटा येत होता, आणि तो मयतामुळे नव्हे. मयत घरात असेपर्यंत केर काढायचा नाही. केराबरोबर घरातलं आणखी एखादं माणूस जातं. हे तिला ठाऊक होतं, मान्यही होतं, पण ओसरीवरची ती शेंगदाण्याची टरफलं, चुरलेली बिस्किटं, मेणाचे थेंब आणि तुब्याचे, माडाच्या दारूचे, लाल डाग बघून तिचा जीव वरखाली होई. एरवी तालिसानमध्ये कोंबडं आरवायच्या आत सगळी अंगणं झाडून होत.

मोकळ्या ओसरीवर मधोमध पेटी होती. काचेखाली उर्बानो पांढऱ्या शर्टात शांत पडला होता. हयातभर त्याने पहाटे चर्चचं मोठं दार उघडलं आणि संध्याकाळी लावलं. भूकंपानंतर दारच नव्हतं, तरी पहाटे उठून तो आवारात जाऊन उभा राही. ते बघून फेमिंगला वाईट वाटे आणि रागही येई, कारण तो दरवेळी एकच विचारायचा: कधी?

"कॉफी घ्या, मानांग." उर्बानोच्या मुलीने, मेदिंगने, कप पुढे केला. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाजही.

शेजारी पत्त्यांचा डाव रंगला होता. फेमिंगने दोन घोट घेतले, पेटीच्या पायथ्याशी टेबलाच्या कडेवर कप ठेवला आणि टरफलांकडे बघायचं नाही असं ठरवून खाली बघितलं.

टरफलांत हिरवं काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं, आपल्याच चपलांचं. तिने चपलांचे तळ उलटे करून पाहिले. स्वच्छ होते. पोपडे टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या पांढऱ्या कापडाच्या कडेने, सरळ ओळीत पडले होते, वर काहीतरी हळूहळू गळत असल्यासारखे. दुसरं कुठलंही घर असतं तर रविवारी पहाटेच ते खराट्याखाली गेले असते. चोराला ते दिसले नसतील असं नाही. पण मेलेला बाप घरात असताना खराटा हातात घेण्याची त्याची छाती झाली नव्हती.

तिने कापडावरून हात फिरवला. खाली लाकूड होतं, आणि बोटांना ओळीने लोखंडी फुल्या लागत होत्या.

शनिवारपासून ती इथे रोज येत होती. रोज इथेच, या कवाडावर, कप ठेवत होती, आणि सोमवारपासून तर कप ठेवून इस्कोबद्दल हळहळतही होती.

५

"मेदिंग, आत चल."

स्वयंपाकघरात मेदिंग चुलीकडे पाठ करून उभी राहिली. काय विचारणार हे तिला ठाऊक होतं.

"तुझ्या पोरांना मीच ओरडले शनिवारी," फेमिंग म्हणाली. "फुलझाडं सांभाळा म्हणून. बाकं नेली, टेबलं नेली, आणि त्यांच्यात ताडपत्रीत गुंडाळून हेही नेलं. मयताघरी सामान चाललंय म्हटल्यावर कोण विचारतो? उलट वाटेत चार जणांनी खांदाही दिला असेल."

"तुमच्या भाच्याने दिला," मेदिंग म्हणाली.

"आणि किल्ली?"

"पाद्रेंनी. टेबलं त्याच कोठीत असतात."

फेमिंगने तिथूनच पाद्रेंना फोन लावला. "ती किल्ली होय?" पाद्रे म्हणाले. "ती इस्कोकडून घेऊन मयताच्या टेबलांसाठी दिली होती. ते काय देणं झालं?"

इस्कोही तेच म्हणाला असता. मयताला टेबल देताना कुणी हिशेब ठेवत नाही. त्या एका गोष्टीसाठी कुलूप असूनही नसल्यासारखं असतं. फेमिंगने फोन ठेवला. कुणावर ओरडावं हेच तिला कळेना.

"इस्कोला उद्या धरून नेतील. ठाऊक आहे तुला?"

"नाही." मेदिंगचा चेहरा उतरला. "शप्पत, मानांग, ते माझ्या कानावर नाही आलं. मी कवाड परत देणारच होते. पुरून झालं की लगेच."

"पण नेलंस का? साधं टेबल नव्हतं मिळत?"

"का म्हणजे?" आता मेदिंगचा आवाज चढला. "बाबांचं एकच मागणं होतं. मला त्या दारातून बाहेर काढा, म्हणायचे. बास्केटच्या जाळीखालून नाही. दर जत्रेला तुम्ही येऊन सांगायचात, पुढच्या जत्रेला चर्च उघडतं बघ, मानोय. ते थांबले. तुमच्या शब्दावर थांबले, मानांग, आणि थांबता थांबता गेले. दारातून नेता येत नाही, तर म्हटलं दार तरी त्यांच्याखाली असू दे."

फेमिंगला वाळूचं, सुताराचं, मनिलाच्या निरोपांचं सगळं सांगता आलं असतं. तिने ते आजवर सगळ्यांना सांगितलं होतं आणि आता ते तिचं तिलाच ऐकवेना.

"आज काढून द्या म्हणू नका," मेदिंग म्हणाली. "पेटी एकदा ठेवली की निघायच्या वेळीच हलते."

"आणि निरीक्षक उद्या सकाळी येतोय."

"मग?"

"मग तुझे बाबा उद्या त्या दारातून जातील."

"पुढच्या जत्रेला?" मेदिंगने कडवटपणे विचारलं.

"उद्या," फेमिंग म्हणाली आणि आधी पोलीस चौकीकडे वळली. तिथे तिने चीफला सांगितलं की कवाड सापडलंय आणि सकाळी जागेवर असेल. कुणी नेलं होतं, असं त्याने विचारलं. गावाने, ती म्हणाली, तुझा धाकटाही खांद्याला होता म्हणे. चीफने इस्कोच्या नावाचा तक्रारीचा कागद खणात टाकला.

६

सर एस्कालांते पांढरं हेल्मेट घालून गाडीतून उतरले, तेव्हा चर्चच्या मोकळ्या दारासमोर बँड वाजत होता.

पुढे बारा माणसं होती. त्यांच्या खांद्यावर उजवं कवाड, कवाडावर उर्बानोची पेटी, मागे मेदिंग आणि तिच्यामागे सगळं तालिसान. माणसांनी कवाड दाराच्या चौकटीत, दोन ठोकळ्यांवर आडवं टेकवलं. आत पाद्रे उभे होते, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर मयताच्या प्रार्थनेचा झगा.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"उजवं कवाड," फेमिंग म्हणाली. "जागेवर आहे. बघून घ्या."

"त्याच्यावर शवपेटी आहे."

"हो. मानोय उर्बानो."

"मॅडम, छप्पर पुरं होईपर्यंत आत कुणी जायचं नाही असं मी कळवलं होतं."

"कुणी गेलेलं नाही, सर. तो दारात आहे. पाद्रेंनी हेल्मेट घातलंय."

सरांनी घाम पुसला. सकाळपासून बोटीत, मग गाडीत, आणि आता हे. "मला कवाडाची स्थिती तपासायची आहे. पेटी उचला."

त्यांच्यातल्या आठ जणांनी पेटी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले.

"मागे घ्या," सर म्हणाले.

कुणी हललं नाही. बँडही थांबला.

"मयत मागे नेत नाहीत, सर," फेमिंग शांतपणे म्हणाली. "इथे कुणी नेणार नाही. तुम्ही तुरुंगात टाकलंत तरी नाही."

"मग बाजूला ठेवा."

"बाजूला भिंत आहे. तिचे दगड तुम्हीच तीनदा बदलून घेतलेत. त्यांना पेटी घासली तर परत काढायला लावाल."

पेटी जड होती. इस्कोच्या हातांतून ती घसरू लागली होती. त्याने पेटीची पुढची कड धरली होती, आणि घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता. सरांनी मागे पाहिलं, सगळं गाव होतं. पुढे पाहिलं. दाराजवळचं छप्पर नवं होतं, ते पक्कं असल्याचा दाखला त्यांनीच मागच्या खेपेला दिला होता. धोका होता तो पलीकडे, वेदीच्या बाजूला.

"अहो, मग आत ठेवा," ते चिडून म्हणाले. "इथेच, अलीकडे. आणि लवकर न्या, पडेल ती."

माणसांनी एकेक करून कवाड ओलांडलं आणि उर्बानो आत गेला. पाद्रे ताबडतोब सुरू झाले, सर काही बोलायच्या आत. बाहेरून क्लेतोच्या लोकांनी सूर धरला. तो आतल्या दगडांवर आदळून परत आला, तेव्हा क्लेतो स्वतःच एक ओळ चुकला. मैदानावर कधी आवाज परत येत नसे.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"तुम्ही कवाड बघा, सर. सावकाश बघा."

सर तिच्याकडे बघत राहिले. तापट माणूस होता, पण मूर्ख नव्हता. मग त्यांनी हेल्मेट काढून काखेत घेतलं, गुडघ्यांवर बसले आणि कवाड तपासू लागले. सगळ्या फुल्या पाहिल्या. उरलेला हिरवा रंग नखाने टोकरून पाहिला. वाळवी शोधली, ती नव्हती, तरी पुन्हा शोधली. पाद्रेंचं शेवटचं आमेन होईपर्यंत त्यांचं तपासणं चाललं होतं.

पेटी परत उचलली गेली आणि माणसं दाराशी येऊन थांबली. आडवं कवाड वाटेत होतं. बाहेर जाताना ते ओलांडता येईना, कारण आता पायऱ्या उतरायच्या होत्या.

"उभं करावं लागेल," इस्को पेटीखालून म्हणाला. "बाहेरचे कुणी या."

चार-पाच जण धावले. पुरेसे नव्हते. सर एस्कालांतेंनी हेल्मेट फेमिंगच्या हातात दिलं आणि खाली वाकून कवाडाला खांदा लावला.

"हळू," ते म्हणाले. "जुनं लाकूड आहे."

कवाड हळूहळू उभं राहिलं आणि चौकटीच्या उजव्या अंगाला, जिथल्या बिजागऱ्यांवर ते हयातभर फिरलं होतं तिथेच, आतल्या बाजूला सरकलं. दार उघडलं. उर्बानो त्यातून बाहेर आला. मेदिंग त्याच्यामागून उंबरठ्यापर्यंत नीट चालत आली, आणि मग तिथेच चौकटीला धरून मोठ्याने रडली.

फेमिंग हेल्मेट धरून उभी राहिली. कुणीतरी हळूच तिला विचारलं, चर्च उघडायचं आता नक्की कधी ठरलं. या वेळी तिने पुढच्या जत्रेचं नाव काढलं नाही; हेल्मेट सरांच्या हातात दिलं आणि मयतामागून चालू लागली.